लेडी मॅक्बेथ चौथ्या अंकात नाहीच, मग तिच्यावर लिहायचं काय? आजचा इंग्लिश लिटचा पेपर

शेवटची_पुरवणी

आत्ता पेपर देऊन आले आणि डोकं अजून त्या एकाच प्रश्नात अडकलंय म्हणून इथे टाकतेय. ज्यांनी ज्यांनी शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ' नाटकाचा प्रश्न घेतला त्यांनी प्लीज सांगा तुम्ही काय लिहिलंत. आठवेल तसा देते, शब्द थोडे इकडेतिकडे असतील: "तिसऱ्या अंकातल्या मेजवानीनंतर लेडी मॅक्बेथ थेट पाचव्या अंकातच दिसते. तिच्या या अनुपस्थितीचा नाटकावर काय परिणाम होतो ते तपासा." बस एवढंच. उतारा दिलेला नाही, खाली हिंट नाही. पुस्तक आत न्यायचं नाही, त्यामुळे जे काय असेल ते डोक्यातलं.

आता मी लेडी मॅक्बेथ अख्खी करून गेले होते. महत्त्वाकांक्षा झाली, अपराधीपणा झाला, नाटकात मॅक्बेथला राजा होशील असं सांगणाऱ्या तीन चेटकिणी आहेत, तिला चौथी म्हणता येईल का हे झालं, कोटेशन्स सगळी तोंडपाठ. आणि प्रश्न आला तो ती जिथे नाही त्या भागावर! ज्या भागात बाईचं एक वाक्य नाही तिथून कोटेशन आणायचं कुठून?

सुरुवातीला तर नुसती प्रश्नाकडे बघत बसले होते. मग असं लिहिलं की तिचं खचणं आपल्याला दिसतच नाही, ते पडद्यामागे होतं, आणि म्हणून पाचव्या अंकातला झोपेत चालण्याचा सीन एवढा अंगावर येतो. मेजवानीत नवऱ्याला सावरणारी, पाहुण्यांना गोड बोलून वाटेला लावणारी बाई, आणि पुढच्या वेळी दिसते ती एकदम हात चोळत, झोपेत बडबडत. मधली पायरीच नाही. मग नवरा गादीसाठी राजा डंकनचा खून करतो, त्यानंतर ती म्हणते ना की थोड्याशा पाण्याने हे सगळं धुऊन निघेल, ते आणि शेवटचं ते हात धुणं, यांची तुलना केली. पहिल्या अंकात ती दाट काळोखाला हाका मारते आणि पाचव्यात तिच्या जवळ सतत दिवा लागतो, तिचा तसा हुकूमच आहे, हेही घातलं. तीन पानं भरली, बेल झाली.

बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, "अगं हे तर पाचव्या अंकावरचं उत्तर झालं, ती नसण्यावर तू काहीच लिहिलं नाहीस." तेव्हापासून पोटात गोळा आलाय. माझं उत्तर प्रश्नाला धरून आहे की नाही एवढंच सांगा. आणि तुम्ही काय लाईन घेतलीत?

घोकंपट्टी_किंग

मी तो प्रश्न वाचला, पेन खाली ठेवलं, पाणी प्यायलो आणि पर्यायी प्रश्न सोडवला. चेटकिणींवाला. सेफ.

सिरियसली बोलायचं तर हा प्रश्न अनफेअर आहे. वर्षभर शिकवायचं की प्रत्येक मुद्द्याला टेक्स्टमधला पुरावा द्या, पुराव्याशिवाय मार्क नाहीत, आणि मग विचारायचं जे टेक्स्टमध्ये नाहीये ते. म्हणजे आम्ही कोऱ्या कागदाचं रसग्रहण करायचं का?

निळी_शाई

@शेवटची_पुरवणी तुझं उत्तर चुकीचं अजिबात नाही, पण मैत्रीण म्हणतेय त्यात थोडं तथ्य आहे. तू ती परत आल्यावर काय होतं ते लिहिलंस. ती नसताना काय होतं ते राहिलं. मी नेमकं तेच धरलं, म्हणजे मीही काही फार कॉन्फिडंट नाहीये, पण सांगतो.

माझा मुद्दा असा होता की पहिल्या दोन अंकांत लेडी मॅक्बेथचं नाटकात एक ठरावीक काम आहे. मॅक्बेथला हवंय सगळं, पण हवंसं वाटणं आणि करून टाकणं यांच्यात त्याच्याकडे मोठी दरी आहे. पहिल्या अंकाच्या सातव्या सीनमध्ये तो मोठं स्वगत म्हणतो, सगळे तोटे मोजतो, डंकन आपला नातेवाईक आहे, राजा आहे, पाहुणा आहे, आणि शेवटी बायकोला सांगतो की आपण हे पुढे न्यायचं नाही. ती दरी ती भरून काढते. त्याच्या पुरुषपणावर बोट ठेवते, प्लॅन देते, खंजीर परत ठेवायला स्वतः जाते.

आता चौथ्या अंकाचा पहिला सीन बघ. चेटकिणी अदृश्य होतात, लेनॉक्स हा सरदार येऊन सांगतो, मॅक्बेथच्या विरोधातला सरदार मॅकडफ इंग्लंडला पळाला, आणि मॅक्बेथ तिथल्या तिथे ठरवतो की यापुढे मनात पहिलं जे येईल ते हात लगेच करून मोकळा होईल. विचार आणि कृती यात आता फटच नाही. आणि पुढचाच सीन म्हणजे मॅकडफच्या बायकोपोरांची कत्तल. ज्या कामासाठी त्याला बायको लागत होती ते काम आता तो एकटा करतो, त्यामुळे नाटकाला तिची गरज उरलेली नाही आणि त्यालाही नाही. ती चौथ्या अंकात नसते हे त्या 'गरज नाही'चंच दिसणारं रूप आहे. असं साधारण दीड पान.

@घोकंपट्टी_किंग त्यामुळे पुरावा नाही असं नाही रे. पुरावा भरपूर आहे, फक्त तो तिच्या तोंडचा नाही, मॅक्बेथच्या तोंडचा आहे.

घोकंपट्टी_किंग

बरं बाबा. पण मला एक सांग, शेक्सपिअरने हा सगळा विचार करून तिला बाहेर ठेवलं कशावरून? तेव्हा बायकांची कामं मुलगेच करायचे, कंपनीत असे कसलेले मुलगे असणार किती? कदाचित तोच मुलगा चौथ्या अंकात लेडी मॅकडफ म्हणून उभा राहत असेल, मग हिला आणणार कशी. शिवाय हे नाटक आपल्याला मिळालं ते १६२३ च्या फोलिओमधून, म्हणजे त्याच्या नाटकांच्या छापील संग्रहातून, आणि शेक्सपिअर १६१६ ला गेला. दुसरी कुठली जुनी प्रत नाही. हॅम्लेटच्या जेमतेम निम्मं भरतं. त्यात चेटकिणींची देवी हेकट, तिचा भाग मिडल्टन नावाच्या दुसऱ्या नाटककाराने घातला असं बरेच अभ्यासक मानतात. मग मधला तिचा एखादा सीन कापला गेला असेल तर? आणि आम्ही इथे 'गहन अर्थ' लिहून पानं भरतोय.

पडद्यामागे

मी विद्यार्थी नाही, पण नाटकात कामं करतो आणि हे नाटक बसवताना जवळून बघितलंय म्हणून मधे तोंड घालतोय.

घोकंपट्टी, तुझी शंका रास्त आहे, पण प्रश्नाने 'का' विचारलेलंच नाही, 'परिणाम काय' विचारलंय. सीन कापला असेल, पोरगं दुसऱ्या कपड्यात असेल, काहीही असेल, समोर बसलेल्या प्रेक्षकाला ती दिसत नाही हे खरं आहे आणि त्याचा त्याच्यावर काहीतरी असर होतोच. लेखकाच्या डोक्यात शिरायची गरजच नाही.

आता माझा मुद्दा. तुम्ही सगळे म्हणताय ती चौथ्या अंकात गायब होते. माझ्या मते ती तिसऱ्या अंकातच गायब व्हायला लागते, फक्त शरीराने स्टेजवर असते. तिसऱ्या अंकाचा पहिला सीन काढून बघा, सगळे तो सीन बँको (मॅक्बेथचा जुना साथीदार, ज्याला तो आता मारवतो) आणि मारेकऱ्यांसाठी वाचतात. ती नवी राणी म्हणून येते, बँकोला बोलावल्याबद्दल दोन ओळी गोड बोलते. मग मॅक्बेथ सगळ्यांना सांगतो की रात्री सातपर्यंत ज्याने त्याने आपापला वेळ घालवा, मला एकटं राहू द्या. सगळे जातात. त्या 'सगळ्यां'मध्ये तीही जाते! पहिल्या अंकात पत्र लिहून जिला आपल्या मोठेपणाची भागीदार म्हटलं, तिला दरबाऱ्यांच्या घोळक्यात बाहेर काढलं, आणि मग मारेकऱ्यांना आत बोलावलं.

लगेच पुढचा सीन. ती नोकराला विचारते, बँको गेला का? आणि मग त्याच नोकराला सांगते की महाराजांना सांग, त्यांना सवड असेल तर मला चार शब्द बोलायचेत. नवऱ्याशी बोलायला बाई नोकराकरवी निरोप धाडतेय. आमच्या तालमीत त्या एका ओळीवर किती वेळ गेला विचारू नका, कारण आमची नटी ती ओळ जाताजाता टाकून द्यायची आणि दिग्दर्शक तिला परत परत थांबवायचे. नोकर निघून गेल्यावर ती एकटी असताना म्हणते की सगळं घालवलं आणि हाती काही लागलं नाही. तेवढ्यात मॅक्बेथ येतो आणि ती झटकन चेहरा बदलून त्यालाच म्हणते, एकटे काय बसता, झालं ते झालं. तो मात्र पुढचा बेत तिला सांगत नाही. लाडाने बोलतो आणि वर म्हणतो, तू नकळतीच राहा, काम झालं की वाहवा कर.

मग मेजवानी. पाहुणे असेपर्यंत ती जोरात असते. पाहुणे गेले की एकदम शांत. तो बडबडतोय रक्ताबद्दल, चेटकिणींकडे जाण्याबद्दल, आणि ती तुटक तुटक उत्तरं देते, एका ठिकाणी तर त्याला 'सर' म्हणते. आणि जागेपणी तिचं शेवटचं वाक्य कुठलं आहे बघा: तुम्हाला झोप मिळत नाहीये. यानंतर आपल्याला ती दिसते तेव्हा झोप तिचीच उडालेली असते, म्हणजे झोपेतही जागी.

हे जर लिहिलं तर चौथा अंक हा त्याच रस्त्याचा पुढचा टप्पा ठरतो, अचानक पडलेलं भोक ठरत नाही. परीक्षेत हे चालतं की नाही मला माहीत नाही. स्टेजवर चालतं.

निळी_शाई

दादा हे भारी आहे. नोकराकरवी निरोप मी इतक्या वेळा वाचलाय आणि कधी थांबलोच नाही तिथे.

कंसातली_मुलगी

मीही हाच प्रश्न घेतला आणि माझी लाईन अजून वेगळी आहे, कोणी सहमत होईल का बघू.

चौथ्या अंकात लेडी मॅक्बेथ नाही, पण एक बायको आहे ना! लेडी मॅकडफ. अख्ख्या नाटकात तिला एकच सीन, चौथ्या अंकाचा दुसरा. नवरा न सांगता निघून गेलाय, ती चिडलीये, मुलाशी थट्टा करतेय, आणि मग मारेकरी येतात. ती म्हणते मी पळू कुठे, मी कुणाचं काही वाईट केलेलं नाही. म्हणजे लेडी मॅक्बेथ जिथे रिकामी जागा सोडून गेलीये बरोबर तिथे शेक्सपिअर दुसरी एक बायको आणून उभी करतो, जिला मूल आहे, जी नवऱ्याच्या मोठेपणासाठी काही करत नाही, आणि जी त्याच सीनमध्ये मरते. पहिल्या अंकात लेडी मॅक्बेथ दूध पिणाऱ्या बाळाला आपटून मारण्याची भाषा करते. चौथ्या अंकात ते खरंच होतं, दुसरीच्या घरी. आणि ते हिने केलेलं नाही, हिला विचारलेलंही नाही.

आणि मग पाचव्या अंकात झोपेत ती काय म्हणते? फाइफच्या सरदाराला, म्हणजे मॅकडफला, बायको होती, ती आता कुठे आहे? म्हणजे तिच्यापर्यंत बातमी पोचलीये! कशी पोचली, कुणी सांगितली, मॅक्बेथने सांगितली का, काहीच कळत नाही. ते सगळं तिच्या गैरहजेरीत घडलेलं आहे आणि आपल्याला फक्त त्याचा वळ दिसतो. मला वाटतं ती नसण्याचा सगळ्यात मोठा पुरावा ही एक ओळ आहे. हे मी लिहिलं तेव्हा हात थरथरत होता कारण वेळ संपत आली होती, शेवटचा परिच्छेद वाचता येईल की नाही देव जाणे.

निळी_शाई

@कंसातली_मुलगी ओळीबद्दल शंभर टक्के. पण 'रिकाम्या जागी दुसरी बायको' हे मला जरा ओढूनताणून वाटतं. लेडी मॅकडफ आपल्याला मॅकडफसाठी भेटते ना? तो सीन नसता तर पुढच्याच सीनमध्ये इंग्लंडमध्ये रॉस हा सरदार त्याला बातमी देतो तेव्हा आपल्याला एवढं लागलं नसतं. आणि रिकामी जागा भरायचीच म्हटली तर ती चेटकिणींनी भरली असं म्हणणं जास्त सरळ नाही का? मेजवानीनंतर बायको समोर बसलेली असताना तो म्हणतो उद्या सकाळीच चेटकिणींकडे जाणार. पहिल्या अंकात चेटकिणी भेटल्यावर त्याने बायकोला पत्र लिहिलं होतं. चौथ्या अंकात भेटल्यावर कुणालाच काही सांगत नाही.

कंसातली_मुलगी

एका सीनने दोन कामं केली तर बिघडलं कुठे? मॅकडफसाठी पण आहे आणि हिच्यासाठी पण. पण पत्राचा मुद्दा मस्त आहे, तो माझ्या डोक्यात आलाच नाही. आणि बघ, पाचव्या अंकात दासी डॉक्टरांना काय सांगते: राजे मोहिमेवर गेल्यापासून ती रात्री उठते, कपाट उघडते, कागद काढते, घडी घालते, त्यावर काहीतरी लिहिते, वाचते, मोहोर लावते आणि परत झोपते. नाटकात ती पहिल्यांदा आली तेव्हा हातात त्याचं पत्र होतं. आता ती स्वतःच लिहिते, स्वतःच वाचते. हे आत्ता सुचतंय, हॉलमध्ये सुचलं असतं तर!

तपासणारी_ताई

मुलांनो, मी साहित्याचे पेपर तपासते. तुमचा हा पेपर माझ्याकडे नाही, त्यामुळे मार्क किती पडतील असं कुणी विचारू नका, सांगणार नाही. पण असे प्रश्न आले की गठ्ठ्यात काय दिसतं ते सांगते, त्यातून तुमचं तुम्हाला कळेल.

बऱ्याच उत्तरांत पहिलं पान लेडी मॅक्बेथ कशी महत्त्वाकांक्षी आहे यावर असतं, कारण ते पाठ असतं. प्रश्नाचा पत्ताच नसतो त्यात. मग दुसऱ्या पानावर 'अशा प्रकारे ती चौथ्या अंकात दिसत नाही' असं एक वाक्य येतं आणि पुन्हा झोपेत चालण्याची गोष्ट सुरू होते. गोष्ट मला माहीत आहे हो, गोष्ट नको. प्रत्येक परिच्छेद संपताना 'मग त्याने काय झालं' याचं उत्तर मिळालं तर मी खूश.

@शेवटची_पुरवणी तुझं उत्तर प्रश्नाला धरून आहे. मधली पायरी दाखवलीच नाही म्हणून धक्का बसतो, हा सरळ परिणामाचा मुद्दा आहे, प्रश्नात तेच विचारलंय. पाणी आणि काळोख-दिवा या जोड्या तू त्याच मुद्द्याच्या बाजूने वापरल्या असशील तर उत्तम. नुसत्या शेजारी शेजारी ठेवल्या असशील तर कमी. मैत्रीण म्हणाली ती उणीव आहे, पण म्हणून उत्तर बाद होत नाही. अशा प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नसतं, इथे चार जणांनी चार लाईन घेतल्यात आणि चारही चालतील.

पुराव्याबद्दल बोलायचं तर जे नाही त्याचा पुरावा तीन ठिकाणी शोधायचा असतो, खरं तर तुम्ही सगळ्यांनी मिळून तो इथे शोधलाच आहे. आधी ती कशी होती आणि नंतर कशी आहे. तिच्या जागी कोण आलं. आणि ती नसताना इतर लोक तिच्याबद्दल काय बोलतात. या शेवटच्याला अजून कुणी हात लावलेला दिसला नाही. चौथ्या अंकात तिचा कुणी उल्लेख करतं का? मॅक्बेथ करतो का? करत नाही. पाचव्या अंकात तो डॉक्टरला विचारतो तेव्हासुद्धा 'तुमचा पेशंट कसा आहे' असं विचारतो. मग त्याचा माणूस सेटन येऊन सांगतो राणी गेली, आणि त्यावर त्याचं ते उद्या-उद्याचं भाषण. ती मेली कशी हेही तिथे कुणी बोलत नाही, आत्महत्येचा उल्लेख अगदी शेवटी डंकनचा मुलगा माल्कम याच्या तोंडी येतो, तोही लोक म्हणतात म्हणून.

अजून एक, संदर्भाचं. १६०३ ला राजा जेम्स इंग्लंडच्या गादीवर, १६०५ चा त्याला मारण्याचा गनपावडर कट, जेम्सचं १५९७ चं चेटकिणींवरचं पुस्तक, हे तीन आकडे पहिल्या परिच्छेदात ओतून मुलं मोकळी होतात. ते चेटकिणींच्या प्रश्नाला ठीक आहे. इथे उपयोगी काय, तर हॉलिन्शेडचा इतिहास, ज्यातून शेक्सपिअरने गोष्ट उचलली. त्यात मॅक्बेथच्या बायकोला जेमतेम एखादं वाक्य आहे, राणी म्हणवून घेण्याची तिला हौस होती आणि तिने नवऱ्याच्या मागे टुमणं लावलं, एवढंच. झोपेत चालणं तिथे नाही. म्हणजे शेक्सपिअरने एका वाक्याची बाई घेऊन तिला अर्धं नाटक दिलं, मग मधेच तिला बाहेर ठेवलं आणि शेवटी एक असा सीन दिला जो लोक विसरू शकले नाहीत. १६११ मध्ये सायमन फोरमन नावाच्या माणसाने लंडनच्या ग्लोब थिएटरात हे नाटक बघून टिपण केलंय, त्यात राणी झोपेत उठून चालली, सगळं कबूल केलं आणि डॉक्टरने तिचे शब्द लिहून घेतले हे त्याने आवर्जून नोंदवलंय. असा संदर्भ एका ओळीत टाकला तरी तो मुद्द्याला चिकटतो.

@घोकंपट्टी_किंग मिडल्टन आणि फोलिओ तुला एवढं ठाऊक आहे तर हा प्रश्न तूच घ्यायला हवा होतास. तुझा संशय मुद्देसूद मांडला असतास तर ते चांगलं उत्तर झालं असतं.

घोकंपट्टी_किंग

ताई आता जखमेवर मीठ नका चोळू 😭

शेवटची_पुरवणी

ताई मनापासून थँक्यू, आता जेवण उतरेल. जोड्या मी मुद्द्याच्या बाजूनेच वापरल्यात असं आठवतंय, निदान हात धुण्याची तरी, दिव्याची मात्र जरा घुसडल्यासारखी झाली असेल.

पण तुमचं ते 'पेशंट' वाचून एक प्रश्न पडला. ती मेल्याचं कळल्यावर मॅक्बेथ म्हणतो की ती नंतर कधीतरी मरायला हवी होती. आम्हाला शिकवताना सांगितलं की याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो, एक तर आज ना उद्या मरणारच होती असा कोरडा, किंवा आत्ता शोक करायला वेळ नाही, सवडीने मरायला हवी होती असा दुखरा. मी उत्तरात कोरडा घेतला, कारण एवढा मोठा काळ ती समोर नाही आणि तो तिचं नावही काढत नाही, मग अचानक दुखेल कसं? पण आता पडद्यामागे दादांनी लिहिलंय ते वाचून वाटतंय की दुखरा घेतला तरी तो तितकाच बसतो. तो आणि ती एकमेकांना शेवटचे भेटले ते मेजवानीनंतर, तोही धड संवाद नाही, आणि त्यानंतर एकदम ही बातमी. तुम्ही बसवलं तेव्हा कुठला घेतला होता?

पडद्यामागे

आम्ही भांडून भांडून काहीच न दाखवायचं ठरवलं. आमचा मॅक्बेथ ते वाक्य चिलखताचा पट्टा आवळता आवळता म्हणायचा, हात न थांबवता. पुढे 'उद्या' आलं की हात थांबायचे. काही प्रयोगांना लोकांना तो दगड वाटला, काहींना मोडलेला. माझं वैयक्तिक मत विचारशील तर त्याला दुःख होतंय पण ते नक्की कशाचं हे त्यालाही कळत नाहीये, कारण तिची सवय त्याने आधीच मोडून टाकलीये. त्याच सीनमध्ये बायकांचा आक्रोश ऐकू आल्यावर तो म्हणतो की भीतीची चव मी जवळजवळ विसरलोय, ते लक्षात घे. भीती विसरलेल्या माणसाला शोक आठवेल का, हा प्रश्न आहे. तू कोरडा घेतलास ते टेक्स्टला धरूनच आहे, उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

कंसातली_मुलगी

हात थांबायचे हे इमॅजिन करूनच काटा आला.

घोकंपट्टी_किंग

एक शेवटचं विचारतो, कारण आता मलाही किडा चावलाय. हे न दाखवण्याचं खातं या नाटकात बरंच मोठं दिसतंय. डंकनचा खून आपल्याला दिसत नाही. मॅक्बेथचा राज्याभिषेक दिसत नाही, नुसतं कळतं की तो स्कोनला गेला. लेडी मॅक्बेथचा मृत्यू नाही. पण बँकोला स्टेजवर मारतात, आणि मॅकडफच्या पोराला तर आईसमोर. मग राजाला झाकायचं आणि पोराला दाखवायचं, हे काय लॉजिक?

निळी_शाई

राजाला मारणं स्टेजवर दाखवायला तेव्हा जड गेलं असेल, समोर जेम्स असताना. पण पडद्यामागे दादांनी तुला सांगितलं ना, 'का' विचारायची गरज नाही 😄

मला वाटतं डंकनच्या वेळी सगळा फोकस त्या दोघांच्या चेहऱ्यावर हवा होता. खून आत होतो आणि आपण बाहेर तिच्याबरोबर कान देऊन उभे असतो, घुबड ओरडतं तरी ती दचकते. पोराच्या वेळी चेहरा बघायला दोघांपैकी कुणीच तिथे नाही, मॅक्बेथने माणसं धाडलीत आणि ती तर नाटकातच नाही, म्हणून मग खूनच बघावा लागतो.

कंसातली_मुलगी

थांब. हेच लिहायला हवं होतं रे आपण.

तपासणारी_ताई

हो, हेच. परवा पोएट्रीचा पेपर आहे ना? झोपा आता सगळे.